‘काहीच वाटत नाही’ हेही सांगण्यासारखेच दुखणे आहे

प्रश्न : ताई, मी पुण्यात वसतिगृहात राहून एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. महिनाभर पहाटे चारला जाग येते, पण उठवत नाही. मेसमध्ये जाणे टाळते. रडू येत नाही, काहीच वाटत नाही. रूममेट आळशी म्हणते. आईला मी ‘बरी आहे’ सांगते. मी आळशी झाले आहे का?

उत्तर : नाही, बाळा. आळशी माणूस काम टाळतो. तुझे तर जेवण, झोप आणि मैत्रिणींच्या गप्पाही सुटल्या आहेत. पत्रावरून निदान करणे योग्य नाही, परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस न वाटणे हे नैराश्याचे प्रमुख लक्षण मानले जाते, आणि त्यासाठी रडू यायलाच हवे असे नाही.

वसतिगृहात ‘टेन्शन’ आणि ‘बोअर’ या दोन शब्दांवर सगळ्यांचे भागते, आणि त्यांच्याआड खिन्नता, घुसमट, अपराधीपणा, हुरहुर अशा किती वेगवेगळ्या गोष्टी दडून राहतात! रोज रात्री एवढेच लिही : आज छातीत, पोटात, डोक्यात काय जाणवले आणि त्याआधी काय घडले होते. शब्द सापडला नाही, तर ‘नाव सापडत नाही’ असे लिही. याने आजार बरा होणार नाही, पण डॉक्टरांसमोर ‘काही नाही, बरी आहे’ म्हणून परत येणे टळेल.

कारण डॉक्टरांकडे जायचेच आहे, याच आठवड्यात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांच्या कमतरतेनेही असा थकवा येतो, म्हणून ते रक्ताची तपासणी सांगतील. औषध दिले, तर त्याचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. ते मनाने बंद करू नकोस. बभ्रा होईल ही भीती असेल, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क तुला दिलेला आहे.

एक गोष्ट स्पष्टच विचारते : जगणे नको, असे कधी मनात येते का? येत असेल, तर खोलीत एकटी राहू नकोस. रूममेटला किंवा रेक्टरबाईंना त्याच क्षणी सांग आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीत बोलता येते.

रूममेटला हे पत्र वाचायला दे. ती रागाने बोलली असली, तरी तू मेसमध्ये येत नाहीस हे तिच्या ध्यानात आले आहे. दवाखान्यात सोबत येशील का, असे तिलाच विचार.