वाचकांचे प्रश्न : टिळक जहाल होते, मग सनातनी कसे?

या खेपेस बरीच पत्रे एकाच विषयावर आली: महाराष्ट्राच्या राजकारणातले सनातनी, पुराणमतवादी, ‘उजवे’ म्हणवले जाणारे पुढारी. त्यांतले पाच प्रश्न घेत आहोत.

प्रश्न : शाळेत टिळक ‘जहाल’ असे शिकलो. मुलीच्या कॉलेजच्या टिपणात त्यांना ‘सामाजिक बाबतीत पुराणमतवादी’ म्हटले आहे. दोन्ही एकदम खरे कसे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जहाल-मवाळ ही जोडी सरकारशी कसे वागायचे यावरून पडली. सनातनी-सुधारक ही जोडी घरात आणि जातीत काय बदलायचे यावरून. आपल्याकडे या जोड्या उलट जुळल्या. रानडे आणि गोखले सरकारशी मवाळ, पण समाजात सुधारक. टिळक सरकारशी जहाल आणि समाजात बेताबेताने जाणारे.

टिळकांचा पहिला मोठा वाद १८९१ च्या संमतिवयाच्या बिलावरून झाला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहाचे बारा करणारे हे बिल. त्यांचे म्हणणे, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घालू नये. सुधारणा लोकांनी आपण होऊन करावी. हे नुसते निमित्त नव्हते. आदल्याच वर्षी त्यांनी सुधारकांपुढे अटी ठेवल्या होत्या: मुलीचे लग्न सोळाच्या आत नाही, मुलाचे विसाच्या आत नाही, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करायचे तर विधवेशीच. या अटी सही करणाऱ्यांवरच बंधनकारक राहणार होत्या. बिलातल्या वयापेक्षा त्या कितीतरी कडक होत्या. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सुधारकांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवू द्यायला टिळकपक्षाने विरोध केला आणि रानड्यांनी माघार घेऊन परिषद दुसरीकडे नेली.

इथवर ‘आधी स्वराज्य, मग सुधारणा’ हे सूत्र पुरते. वेदोक्त प्रकरणाला ते पुरत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आपल्या घरची कृत्ये वेदोक्त मंत्रांनी, म्हणजे पुरोहित ज्यांचा हक्क द्विजांपुरता मानत त्या वेदातल्या मंत्रांनी, व्हावीत असा आग्रह धरला, तेव्हा आग्रह धरणारा परका नव्हता, हिंदू राजाच होता. तरीही ऑक्टोबर १९०१ मध्ये ‘केसरी’त ‘वेदोक्ताचे खूळ’ या मथळ्याखाली टिळकांनी विरोधात लिहिले. परसत्तेचा मुद्दा बाजूला पडला तरी विरोध उरला. ‘पुराणमतवादी’ हे विशेषण लावायचे तर आधार म्हणून हे प्रकरण दाखवावे, संमतिवयाचे नव्हे. पुढे मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत त्यांनी व्यासपीठावरून अस्पृश्यतेवर कडक टीका केली, पण ती वैयक्तिक आचरणात न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाही. टिपण लिहिताना भाषण आणि सही दोन्ही नोंदवावीत. लोक आपल्या सोयीचे एक उचलतात.

प्रश्न : संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या लग्नाचे वय बारा झाले ना? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : नाही. ही चूक छापील पुस्तकांतही आढळते. १८९१ चा कायदा लग्नाबद्दल नव्हताच. दंडसंहितेत शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे जे वय दहा होते, ते बारा केले. लग्न झालेले असो वा नसो. लग्नाचे किमान वय ठरवणारा कायदा म्हणजे १९२९ चा शारदा कायदा: मुलगी चौदा, मुलगा अठरा, लागू १ एप्रिल १९३० पासून. दोन कायद्यांत जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि दुसरा आला तेव्हा टिळक हयात नव्हते.

प्रश्न : सावरकर पुराणमतवादी होते की नव्हते? घरात यावरून रोज वाद होतो. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : वाद मिटायचा नाही, पण शब्द नीट वापरले तर निम्मा होईल. हिंदुत्ववादी आणि सनातनी हे समानार्थी शब्द नव्हेत. सनातनी माणूस रोटीबंदी (दुसऱ्या जातीबरोबर जेवण नाही), बेटीबंदी (जातीबाहेर लग्न नाही), वेदोक्तबंदी शास्त्राधारे राखू पाहतो. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत या बंद्यांवरच हल्ला चढवला. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंना खुले होते. गाय उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे ते लिहीत. एवढ्यावर कुठल्याही सनातन्याने त्यांना दारात उभे केले नसते. राष्ट्राच्या प्रश्नावर मात्र, म्हणजे हे राष्ट्र कुणाचे या मुद्द्यावर, ते आजच्या अर्थाने ठाम उजवे होते. १९३७ पासून ते ज्या हिंदुमहासभेचे अध्यक्ष होते तिच्यात अस्सल सनातनीही होतेच. तेव्हा घरातल्या वादात आधी ठरवा, भांडण जातीवरून आहे की राष्ट्रावरून.

प्रश्न : राजस्थान-गुजरातमध्ये स्वतंत्र पक्षाचे एवढे आमदार निवडून आले, महाराष्ट्रात का नाहीत? आणि त्या काळात जनसंघाची ताकद नेमकी किती होती? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : स्वतंत्र पक्ष, म्हणजे सरकारी नियंत्रणाला विरोध करणारा उजवा पक्ष, १९५९ चा. त्याच वर्षी जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याच्या विरोधातून पक्षाला जोर आला. म्हणजे ठिणगी नागपुरात पडली, पण महाराष्ट्रात काही पेटले नाही. गुजरातमध्ये पक्षाला १९६२ साली २६ आणि १९६७ साली ६६ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात १९६२ ला एकही नाही. मुंबईकर मिनू मसानी या पक्षाकडून लोकसभेत गेले ते राजकोटहून.

कारण उघड आहे. या पक्षाला जिथे बळ मिळाले तिथे संस्थानिक आणि मोठे जमीनदार पाठीशी होते. पश्चिम महाराष्ट्रात रयतवारी, म्हणजे मध्ये जमीनदार न ठेवता सारा थेट शेतकऱ्याकडून. राजस्थानसारखा बडा सरदारवर्ग नाही. बागायतदार शेतकरी सरकारवर चिडायच्या ऐवजी सरकारातच शिरला: १९५० चा प्रवरेचा साखर कारखाना, मग तसेच इतर, १९६२ पासून जिल्हा परिषदा. ज्याच्या हातात कारखान्याचे संचालकपद आहे तो ‘सहकार नको’ म्हणणाऱ्या पक्षात कशाला जाईल? उरलेली विरोधाची जागा शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), समाजवादी आणि कम्युनिस्टांनी आधीच धरली होती.

जनसंघाचे १९५७ चे आकडे पाहून फसू नका. त्या वर्षी लोकसभेत जनसंघाचे देशभरातून चार खासदार आले, त्यांत दोन आपल्याकडचे: धुळ्याहून उत्तमराव पाटील आणि रत्नागिरीहून प्रेमजीभाई आसर. रामभाऊ म्हाळगी मावळातून विधानसभेत गेले. पण तेव्हा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत होता आणि लाट समितीची होती. राज्य मिळाल्यावर १९६२ च्या विधानसभेत जनसंघ शून्यावर आला. १९६७ ला चार आणि १९७२ ला पाच, तेही २७० पैकी. पक्षाची स्वतःची ताकद या आकड्यांत दिसते. पुढे जनसंघाचा वारसा चालवणाऱ्या भाजपने संघटनमंत्री वसंतराव भागवतांच्या काळात माळी, धनगर, वंजारी या समाजांत जाणीवपूर्वक पाय रोवले, तेव्हा चित्र पालटले: १९८५ ला १६, १९९० ला ४२.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका जुन्या आमदाराने सामाजिक सुधारणेच्या ठरावाविरुद्ध मत दिले, असे गावात सांगतात. खरे-खोटे कसे तपासायचे? शिवाय १९५२ च्या निकालात औरंगाबाद सापडतच नाही. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दुसरे आधी. १९५२ साली मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, विदर्भ मध्य प्रदेशात. निकाल त्या-त्या राज्याच्या नावाखाली पाहा; निवडणूक आयोगाचे अहवाल संकेतस्थळावर आहेत. १ नोव्हेंबर १९५६ नंतर दोन्ही भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, म्हणून १९५७ चा निकाल ‘मुंबई’खाली मिळेल. ‘महाराष्ट्र’ १९६२ पासून.

१९५२ आणि १९५७ च्या टक्केवारीत एक खाच आहे. काही मतदारसंघांतून दोन सदस्य निवडले जात आणि मतदाराला दोन मते असत. समजा ५०,००० जणांनी दोन्ही मते दिली, म्हणजे १,००,००० मते. त्यांत एखाद्याला ३०,००० मिळाली तर तक्त्यात ३० टक्के दिसतील, पण ६० टक्के मतदारांनी त्याला मत दिलेले असते. १९६२ पासून ही पद्धत नाही.

आता मताचे. आधी तारीख पक्की करा. तारखेवाचून कार्यवाहीचे खंड उघडण्यात अर्थ नाही. जुन्या वर्तमानपत्रांवरून निदान महिना मिळतो. मग विधानमंडळ ग्रंथालयात त्या अधिवेशनाच्या खंडाची सूची पाहा. सूचीत नावे आडनावाने आणि आद्याक्षरांनी असतात, म्हणून ‘रामभाऊ’ शोधू नका, ‘म्हाळगी, रा. का.’ शोधा. चर्चेच्या शेवटी मतविभाजन, म्हणजे नावानिशी मतमोजणी, झाली असेल तर बाजूने आणि विरोधात अशा नावांच्या याद्या मिळतील. बहुतेक वेळा मिळणार नाहीत, कारण बरेचसे निर्णय आवाजी मतदानाने होतात आणि त्यात कोण काय म्हणाला याची नोंद राहत नाही. तिथे भाषणापलीकडे पुरावा नसतो. गैरहजेरीला विरोध समजू नये, आणि बिल चिकित्सा समितीकडे (कलमवार छाननी करणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे) पाठवा म्हणणाऱ्यालाही लगेच विरोधक ठरवू नये. तो वेळकाढूपणा असू शकतो किंवा खरी दुरुस्तीही. त्याने पुढे कोणत्या कलमाला दुरुस्ती सुचवली ते पाहिले की कळते.

शेवटचे, ठराव की कायदा हे तपासा. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. मंजूर करणाऱ्यांपैकी कुणाच्या गावची विहीर त्यामुळे आपोआप खुली झाली नाही, कारण ठराव मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. महाड नगरपालिकेने तो स्वीकारूनही चवदार तळे बंदच राहिले आणि मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. तुमच्या आमदाराचे मत ठरावावर असेल तर त्यापुढे गावातल्या पाणवठ्याचे काय झाले, ते ग्रामपंचायतीच्या किंवा लोकल बोर्डाच्या इतिवृत्तात शोधा.