वखारीची किल्ली

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी रंकाळ्याच्या कठड्यावर तू विचारलंस, "मास्तर, कोल्हापुरात राहून काय होणार?" आणि मी भेळेचा कागद चुरगळत बसलो. उत्तर नव्हतं असं नाही. पण तिथं बोललो असतो तर म्हातारा पाय ओढतोय असं तुला वाटलं असतं. म्हणून हे पत्र. पुण्याच्या त्या मंडळींनी तुला एकट्यालाच वाजवायला बोलावलंय, बँडमधल्या बाकीच्या तिघांना नाही, हे तू उठता उठता सांगितलंस. खरा प्रश्न तोच होता, बरोबर ना?

तुझ्या अंगात तेव्हा इंग्लंडातल्या लिव्हरपूल क्लबचा लाल टी-शर्ट होता. आपल्या गावाला फुटबॉलचं वेड, त्यामुळं त्यात नवल नाही. मॅचच्या आधी त्यांच्या ॲनफिल्ड मैदानावर हजारो लोक म्हणतात ते ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ तुला पाठ आहे. मूळ गाणं १९४५ च्या एका अमेरिकन संगीतिकेतलं. मैदानावर ते पोचलं गेरी मार्सडेन या त्याच गावच्या पोरामुळं. १९६३ साली त्याच्या ‘गेरी अँड द पेसमेकर्स’ या बँडच्या पहिल्या तीनही रेकॉर्डी इंग्लंडात एक नंबरला गेल्या, त्यातली ही तिसरी. त्याच गावच्या जगप्रसिद्ध बीटल्स बँडलासुद्धा पहिल्याच रेकॉर्डीला एक नंबर जमला नव्हता. आणि १९६६ मध्ये तो बँड मोडला. तीन वर्षं, बस्स. नुसता तोच नाही, त्या गावातलं सगळं वारंच तेवढ्यात आलं आणि गेलं. ते कसं, हे तुला सांगायचंय, कारण आमचंही तसंच झालं.

सुरुवात भिकारच होती. १९५६ मध्ये लॉनी डोनेगन या गायकाची गाणी तिकडं गाजली आणि पोरांना कळलं की तीन कॉर्ड येत असले तरी भागतं. बेस नाही? चहाचं रिकामं लाकडी खोकं उपडं घालायचं, त्याला झाडूचा दांडा, दांड्याला दोरी. ड्रम नाही? आईचा कपडे धुवायचा पत्रा घ्यायचा आणि बोटांत शिवणाची टोपणं घालून खरवडायचं. बीटल्सवाल्या जॉन लेननचा पहिला बँड हा असलाच. हे वाचलं की मला आपले सिनेमावाले बाबूराव पेंटर आठवतात. परदेशी कॅमेरा मिळेना म्हणून गड्यानं इथंच सुटे भाग घडवून स्वतःचा कॅमेरा उभा केला. हातात काय नाही याची यादी करत बसणाऱ्यांचं काम नव्हे ते. तुझ्या त्या ऑनलाइन कार्टमधली गिटारची सहा पेडलं मी बघितलीत, म्हणून म्हणालो.

आता जागेचं ऐक. कॅव्हर्न क्लब म्हणजे लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवरच्या फळांच्या वखारीचं तळघर. विटांच्या तीन कमानी, हवा कोंडलेली, भिंतींना घाम. १९५७ च्या जानेवारीत ते जॅझसाठी उघडलं, रॉकवाल्या पोरांना तिथं सुरुवातीला कोण उभं करत नव्हतं. पुढं मालक बदलला आणि दुपारचे कार्यक्रम सुरू झाले. ऑफिसातल्या पोरी, दुकानांतले पोरगे जेवणाच्या सुट्टीत यायचे, सूप प्यायचे, तासभर ऐकायचे, पुन्हा कामावर. दारू मिळत नव्हती. बीटल्स तिथं १९६१ च्या फेब्रुवारीपासून १९६३ च्या ऑगस्टपर्यंत तीनशेच्या आसपास वेळा वाजले. भागाकार करून बघ, महिन्याला नऊ-दहा वेळा. त्याआधी जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या बदनाम गल्लीत रात्री चार-चार, सहा-सहा तास वाजवून बोटं सोलून आले होते ते वेगळंच. तुम्ही चौघं यंदा कितीदा लोकांसमोर उभे राहिलात? मी मोजलंय. पाचदा. त्यातली तीन कॉलेजची गॅदरिंगं.

बंदर होतं म्हणून खलाशांनी अमेरिकेतून रेकॉर्डी आणल्या आणि म्हणून लिव्हरपूल घडलं, असं सांगायची पद्धत आहे. खलाशी सामान आणायचे हे खरं. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं आपलं ग्रेच गिटार एका खलाशाकडूनच घेतलं. पण बंदरं काय कमी आहेत जगात? माझ्या मते गाव घडलं ते न वाजवणाऱ्या माणसांमुळं. हेसीच्या दुकानात हप्त्यावर गिटार मिळायचं आणि निम्म्या पोरांचे हप्ते थकलेले असायचे. एड्रियन बार्बर नावाच्या पोरानं घरच्या घरी एवढाले स्पीकर ठोकून दिले की लोक त्यांना शवपेट्या म्हणायचे. कॅव्हर्नमध्ये कोट सांभाळायला एक मुलगी होती, ती पुढं सिला ब्लॅक म्हणून गायिका झाली. आणि बिल हॅरी. लेननबरोबर आर्ट कॉलेजात होता. त्यानं १९६१ च्या जुलैत ‘मर्सी बीट’ नावाचं पंधरवड्याचं वर्तमानपत्र काढलं, फक्त गावातल्या बँडांचं. कोण कुठं वाजवतंय, कोण कुणाला सोडून गेला, सगळं. ते येईपर्यंत एका पेठेतल्या बँडला दुसऱ्या पेठेतला बँड माहीत नव्हता.

तुमच्याकडं ती पोरगी आहे ना, जी दर रिहर्सलला कोपऱ्यात बसून शूटिंग करते, गाणी-तारखा लिहून ठेवते आणि जिला तुमचा ड्रमर ‘ॲडमिन’ म्हणून चिडवतो? ती तुमचा बिल हॅरी आहे. तिला चहा आणायला पाठवणं बंद करा.

आता उतार.

१९६० साली त्या गावातला सगळ्यात मोठा बँड बीटल्स नव्हता. तो होता रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स. रोरी बोलताना अडखळायचा आणि गाताना मात्र एक अक्षर चुकायचा नाही. १९६२ च्या ऑगस्टमध्ये बीटल्सनी त्याचा ड्रमर उचलला. त्या ड्रमरचं नाव रिंगो स्टार, पुढचं तुला माहीत आहे. रोरीच्या आयुष्यभरात दोन रेकॉर्डी निघाल्या, त्यातली एकही चालली नाही. १९७२ मध्ये चौतिसाव्या वर्षी तो गेला. लोक त्याला हरलेला म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच्या स्टेजसमोर उभं राहून जी पोरं शिकली, त्यांनी जग जिंकलं. पण त्याच्या मागून ड्रमवाला गेल्यावर जी पोकळी झाली, ती कोणी भरली नाही, हेही खरं.

मग १९६३ मध्ये लंडनच्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं कराराचे कागद घेऊन उतरली. त्यांना गाव नको होतं, दुसरे बीटल्स हवे होते. सगळ्यांना एकाच मापाचे कोट, एकाच चालीची गाणी. बीटल्स त्याच वर्षी लंडनला राहायला गेले, पुढच्या वर्षी त्यांचा मॅनेजर एपस्टाइन आपलं ऑफिस घेऊन गेला. जे चालले ते दौऱ्यावर, जे चालले नाहीत ते कारकुनीला. दुपारी तळघरात वाजवायला मागं राहिलं कोण? ‘मर्सी बीट’ १९६५ मध्ये दुसऱ्या नावाच्या पत्रात विरघळलं. १९६६ च्या फेब्रुवारीत कॅव्हर्नचं दिवाळं वाजलं. त्याच जुलैत पंतप्रधान हॅरोल्ड विल्सननं स्वतः येऊन ते पुन्हा उघडलं, तरी जीव आला नाही. पंतप्रधानानं फीत कापून पोरं वाजवायला येत नसतात. १९७३ मध्ये भुयारी रेल्वेच्या हवेच्या झडपेसाठी ती जागा घेतली, वखार पाडली, आणि झडप काही तिथं झालीच नाही. गाड्या लावायला मैदान झालं. १९८४ मध्ये जुन्यातल्या काही विटा वापरून नवं कॅव्हर्न बांधलं, ते पाहुण्यांसाठी.

माझं सांगतो. १९७०-८० च्या दशकात आमचा ऑर्केस्ट्रा होता. गणपती, नवरात्र, जत्रा, टेम्पोत साज भरायचा आणि जायचं. ॲकॉर्डियन, काँगो-बाँगो आणि माझं गिटार, ज्याची पाचवी तार दमट हवेत हमखास उतरायची. आमचा एक गायक किशोरकुमारची गाणी अशी म्हणायचा की बायका घरातली कामं टाकून मंडपात यायच्या. एका कॅसेट कंपनीचा माणूस आला आणि त्याला एकट्याला घेऊन गेला. आम्ही रागावलो नाही, उलट स्टँडवर हार घेऊन गेलो होतो. चूक पुढं झाली. प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या बोलावण्याची वाट बघायला लागला. मीसुद्धा. रिहर्सलला एक जण कमी, मग दोन. खोलीचं भाडं द्यायला कोण पुढं येईना, आणि एका महिन्यात मालकानं तिथं सिमेंटच्या गोण्या भरल्या. बोलावणं कुणालाच आलं नाही, तो गायकही चार वर्षांनी परत आला. परत आल्यावर त्याला उभं राहायला जागा नव्हती. आमच्या मागं कॅराओके आला, मग डॉल्बी आला, लोक म्हणतात डॉल्बीनं ऑर्केस्ट्रे मारले. आमचा डॉल्बीच्या आधीच मेला होता.

म्हणजे जाऊ नको असं म्हणतोय का मी? नाही रे. प्रभात फिल्म कंपनीवाले १९२९ मध्ये इथं उभे राहिले आणि १९३३ मध्ये पुण्याला गेले. गेले ते बरंच केलं, त्यांची मोठी चित्रं तिथंच झाली. सिनेमावाले भालजी पेंढारकर इथंच राहिले, तेही कमी पडले नाहीत. गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पश्चात मुंबईला गेले, पण गाण्याच्या देवल क्लबाचं दार बंद झालं नाही. शंभर वर्षांवर झाली, आजही तिथं कुणीतरी तंबोरा जुळवत असतं. गाणारा गेला म्हणून बैठकीची सतरंजी गुंडाळायची नसते, हे या गावाला पूर्वी ठाऊक होतं. आम्हीच विसरलो.

तेव्हा जा. पण आधी बाकीच्या तिघांना तोंडावर सांग, व्हॉट्सॲपवर नको. कराराचा कागद सही करण्यापूर्वी कुठल्या तरी वकिलाला दाखव. सही करायच्या दिवशी आपण सगळेच घाईत असतो. तुझ्या जागी वाजवायला राजारामपुरीतला तो अकरावीतला पोरगा तयार होऊ शकेल. कच्चा आहे, लय घाईची आहे, पण कान चांगला आहे. जायच्या आधी दोन महिने त्याला शेजारी बसव आणि तुझ्या सगळ्या गाण्यांचे कॉर्ड लिहून दे. ती इथं वाजली म्हणून कमी होणार नाहीत. आणि महिन्यातून एक शनिवार तू गाडी पकडून ये आणि इथं वाजव. पैसे न घेता.

तुम्ही वाजवता ती शाहूपुरीतली गुळाची वखार माझ्या नावावर आहे तोवर भाड्याचा प्रश्न नाही. पण किल्ली मी तुला दिलेली आहे, ती तू पुण्याला नेणार नाहीस. कुणाला देणार ते तुम्ही चौघांनी मिळून ठरवा, मला विचारू नका. माझं मत विचाराल तर त्या कोपऱ्यात बसणाऱ्या पोरीला द्या. ती एकटीच कधी उशिरा आलेली नाही. आणि येत्या शनिवारपासून दुपारी चारला दार उघडायचं, ऐकायला पाच माणसं असोत नाहीतर एक. मी असेन, म्हणजे एक तर पक्का.

येताना मुंग्यांचा खडू घेऊन ये. गुळाचा वास अजून गेला नाही, गिटारच्या अँपमध्ये पुन्हा लाल मुंग्या झाल्यात.

तुझा,
मास्तर