हातात घेऊन पाहावा असा दगड

चिनी जेडविषयी आलेल्या प्रश्नांपैकी सहा निवडले आहेत. दोघातिघांनी एकच गोष्ट विचारली होती, ते प्रश्न एकत्र केले.

प्रश्न : जेड म्हणजे नेमका कोणता दगड? दुकानात तर प्रत्येक हिरव्या दगडाला जेड म्हणतात. (नाशिक)

खनिजशास्त्राच्या हिशेबाने जेड नावाखाली दोन वेगळे दगड येतात. नेफ्राइट हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं सिलिकेट, तर जेडाइट हे सोडियम-अ‍ॅल्युमिनियमचं. हे दोन दगड वेगळे आहेत, हे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवलं.

चिनी शब्द 'यू' मात्र असा काटेकोर नाही. इ.स. १०० च्या सुमारास श्यू शेन याने आपल्या शब्दकोशात 'यू'ची व्याख्या 'दगडांतलं सौंदर्य, ज्याच्या अंगी पाच गुण आहेत ते' अशी दिली. रंगाचा तिथे पत्ता नाही. जुन्या चीनचा जेड म्हणजे नेफ्राइट, आणि त्यातला सर्वांत मानाचा हिरवा नव्हे, पांढरा. त्याला 'मेंढीच्या चरबीचा जेड' म्हणतात. तो आजच्या शिनजियांगमधल्या खोतानच्या नद्यांत गोट्यांच्या रूपात सापडतो. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पोपटी-हिरवा जेडाइट ब्रह्मदेशातल्या काचिन भागातला. तो चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर आला अठराव्या शतकात. त्याचं चिनी नाव 'फेइत्स्वेई', म्हणजे खंड्या पक्षी. कन्फ्यूशियसने हा दगड पाहिलासुद्धा नसेल.

प्रश्न : सोन्यापेक्षा जेड श्रेष्ठ, असं चिनी लोक का मानतात? (कोल्हापूर)

जवळपास असाच प्रश्न, सोन्याऐवजी जेडसारख्या दिसणाऱ्या साध्या दगडाबद्दल, कन्फ्यूशियसला त्याचा शिष्य झगोंग याने विचारला, असं 'लीजी' या प्राचीन ग्रंथात आहे. (ग्रंथ संकलित झाला तो बराच नंतर, त्यामुळे शब्द खुद्द कन्फ्यूशियसचेच असतील असं धरू नये.) शिष्य म्हणतो, जेड दुर्मीळ आहे म्हणून सज्जन त्याला मानतात का? गुरू म्हणतो, तसं नाही. मग तो एकेक गुण सांगतो. जेडची ऊबदार, ओलसर तुकतुकी म्हणजे दयाबुद्धी. घट्ट वीण म्हणजे शहाणपण. कडा आहेत पण कापत नाहीत, ती न्यायबुद्धी. टिचकी मारली की स्वच्छ, लांब नाद येतो आणि एकदम थांबतो, ते संगीत. मला सगळ्यांत आवडतो तो निष्ठेचा गुण : त्यातला दोष त्याचं तेज झाकत नाही आणि तेज दोष लपवत नाही.

या यादीत डोळे दिपवणारी चकाकी नाही, हे पाहा. आपण रत्नं पाहतो ती पाणी आणि झळाळीसाठी. जेड मुख्यतः स्पर्शाचा आणि आवाजाचा दगड. चिनी पुरुष कमरेला जेडचे लोलक बांधत, चालताना ते एकमेकांवर किणकिणत, आणि तो नाद ताल धरून यावा म्हणून चालही संथ ठेवावी लागे. 'कारणावाचून सज्जन अंगावरचा जेड उतरवत नाही,' असंही 'लीजी'च सांगतो.

दुसरं कारण कारागिरीत आहे. नेफ्राइटचे सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की तो कमालीचा चिवट होतो. छिन्नीने तो कोरता येत नाही, घासून झिजवावाच लागतो. ओली वाळू, पुढे गार्नेटचा चुरा आणि कुरुंद, दोरीची करवत, पोकळ नळीचं गिरमीट, आणि हातात भरपूर वेळ. 'लीजी'तलंच एक वचन आहे : जेड घडवला नाही तर त्याचं पात्र होत नाही, माणूस शिकला नाही तर त्याला मार्ग कळत नाही. मराठी माणसाला लगेच टाकीचे घाव आणि देवपण आठवेल. पण जेडला टाकी चालत नाही. त्याला जवळची उपमा सहाणेवरच्या चंदनाची.

अशा पद्धतीने हांगझोजवळच्या ल्यांगझू इथल्या लोकांनी पाच हजार वर्षांपूर्वी, लोखंड सोडाच, कांस्यही हाती नसताना, बाहेरून चौकोनी आणि आतून गोल पोकळीचे 'त्सोंग' घडवले. फानशानच्या एका थडग्यातल्या त्सोंगचं वजन साडेसहा किलो आहे, आणि त्यावरच्या मुखवट्यांच्या रेषा केसासारख्या बारीक. गोल चकती (बी) आकाशासाठी आणि त्सोंग पृथ्वीसाठी, हा अर्थ पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. तो या वस्तूंनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथातला आहे. ल्यांगझूच्या माणसांच्या तोंडी तो घालू नये.

प्रश्न : जेडच्या अंगरख्यात पुरल्यावर देह टिकायचा का? (सोलापूर)

नाही. १९६८ मध्ये हबेई प्रांतातल्या मानचंग इथे हान राजघराण्यातल्या ल्यू शंगचं (मृत्यू इ.स.पू. ११३) थडगं सापडलं. त्याच्या अंगरख्यात जेडच्या २,४९८ चकत्या सुमारे १,१०० ग्रॅम सोन्याच्या तारेने ओवल्या होत्या. आत देहाची माती झाली होती. सोनं, चांदी की तांबं, हे मृताच्या दर्जावर ठरे. जिभेवर जेडचा सिकाडा (झाडावर कर्कश ओरडणारा किडा) ठेवायचीही चाल होती, कारण सिकाडाची पिलं जमिनीतूनच वर येतात, म्हणून तो पुनर्जन्माची खूण. इ.स. २२२ मध्ये वेई राज्याचा सम्राट त्साओ पी याने आपल्या दफनाविषयी लिहून ठेवताना असे अंगरखे नाकारले. कारण व्यवहारी होतं : चोर थडगी फोडतात आणि सोन्याच्या तारेसाठी अंगरखे जाळतात.

प्रश्न : आमचे चिनी सहकारी मीटिंगची सुरुवात करताना म्हणतात, 'मी वीट फेकतो, तुम्ही जेड आणा.' हे काय आहे? (पुणे)

विनय आहे. 'पाओ झ्वान यिन यू' : माझा विचार विटेसारखा सामान्य, तो ऐकून तुमचा जेडसारखा विचार बाहेर येवो. उत्तरादाखल 'छे, छे' म्हणायचं.

त्यांनी तुमचा पेनड्राइव्ह परत करताना 'वान बी ग्वेई झाओ' म्हटलं, तर त्यामागे मोठी कथा आहे. छू राज्यातल्या ब्येन ह या माणसाला डोंगरात कच्चा जेड मिळाला. राजाच्या जवाहिऱ्याने तो साधा धोंडा ठरवला आणि ब्येन हचा डावा पाय तोडला गेला. पुढच्या राजाने उजवा तोडला. तिसऱ्या राजाच्या वेळी तो दगड कवटाळून तीन दिवस, तीन रात्री रडला. पाय तुटलेले तू एकटाच नाहीस, मग एवढा का रडतोस, असं राजाने विचारवलं. तो म्हणाला, पायांचं दुःख नाही. जेडला धोंडा म्हणतात आणि खऱ्या माणसाला लबाड, याचं आहे. मग दगड घासला, आणि आत जेड निघाला. त्याची चकती पुढे झाओ राज्याकडे गेली. छिनच्या राजाने तिच्या बदल्यात पंधरा शहरं देऊ केली. शहरं द्यायचा त्याचा विचार नाही हे ओळखून दूत लिन श्यांगरू म्हणाला, चकतीत एक दोष आहे, दाखवतो. चकती हातात येताच तो खांबाला टेकला आणि डोकं नि जेड दोन्ही फोडायची धमकी दिली. नंतर गुपचूप ती मायदेशी पाठवली. 'चकती अखंड झाओला परत', हा त्या वाक्प्रचाराचा अर्थ. आज तो उसनी छत्री परत करतानाही वापरतात.

प्रश्न : चीनमधून आणलेली जेडची बांगडी तडकली. अपशकुन का? आणि ती खरी होती हे कसं ओळखावं? (ठाणे)

आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. चिनी समजूत वेगळी : तुमच्यावरचा घाव बांगडीने स्वतःवर घेतला. तुकडे टाकत नाहीत, सोन्याच्या पट्टीने जोडून घेतात.

खरेपणाचं म्हणाल तर जेडाइटच्या बाजारात 'ए', 'बी', 'सी' असे प्रकार आहेत. 'ए' म्हणजे नैसर्गिक. 'बी' म्हणजे अ‍ॅसिडने धुऊन आत पॉलिमर भरलेला. 'सी' म्हणजे रंगवलेला. नुसत्या डोळ्यांनी हे ठरत नाही, प्रयोगशाळेचा दाखला मागा. 'इंडियन जेड' असं लिहिलं असेल तर तो बहुधा अ‍ॅव्हेंच्युरिन, म्हणजे क्वार्ट्‌झ. दिसतो छान, जेड नाही.

मात्र भारतात घडवलेल्या अस्सल जेडचं चीनला वेड होतं, हेही सांगून टाकतो. मुघल कारागीर खोतानचाच नेफ्राइट (आपल्या दरबारांत त्याला यशब म्हणत) पाकळीइतका पातळ घडवत. शाहजहानचा १६५७ चा, शेवटाला रानबोकडाचं डोकं असलेला पांढरा प्याला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १७५९ मध्ये शिनजियांग जिंकल्यावर च्येनलुंग बादशहाकडे अशी 'हिंदुस्थानी' भांडी येऊ लागली. तो त्यांच्यावर कविता करी आणि त्या थेट भांड्यांवर कोरवून घेई. मला हे भांड्यावर नाव घालण्याच्या आपल्या हौशीसारखंच वाटतं. मुघल जेड पाहायचा तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय गाठा.

प्रश्न : बाल्कनीतल्या जेड प्लांटचा या दगडाशी संबंध आहे का? (डोंबिवली)

नाही. झाड दक्षिण आफ्रिकेचं, पानं गुळगुळीत आणि हिरवी म्हणून हे नाव पडलं. पाणी कमी घाला.