नणंदेच्या लग्नापर्यंत थांबू नका, ताई

ताई, तुमचा प्रश्न सकाळी दुकान उघडायच्या आधी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. मुलगा २ वर्षं १० महिन्यांचा. नावानं हाक मारली तर वळत नाही, पण दुसऱ्या खोलीत टीव्हीवर जाहिरात लागली की धावत येतो. दीड वर्षाचा असताना ‘माय’, ‘पानी’ म्हणायचा, ते शब्द गेले. काही हवं असलं की बोट दाखवत नाही, तुमचा हात धरून तिथपर्यंत ओढत नेतो. सासूबाई म्हणतात, “त्याना बाप बी चार वरीसना व्हयना तवय बोलना.” आणि नणंदेला स्थळं येताहेत, म्हणून तिचं लग्न उरकेपर्यंत दवाखान्याचं नाव काढायचं नाही असं घरात ठरलंय. अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातून आधी कुठे जायचं, कोणाला दाखवायचं, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी चोपड्याकडचा, खता-बियाण्यांचं दुकान आहे. मोठ्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे. आता तो पंधराचा, नववीत. तुमच्या घरात जे सासूबाई म्हणतात ते आमच्या घरात मी म्हणत होतो. बायकोला तो अडीच वर्षांचा असतानाच शंका आली होती. “होईल, बोलेल” करत मी चौदा महिने घालवले. त्यात एक कापसाचा हंगाम, एक पुतण्याचं लग्न आणि बाकी सगळी माझी भीती.

सासूबाईंचं बोलणं खोटं असेल असं नाही. काही मुलं उशिरा बोलतात. पण उशिरा बोलणारं मूल मुकं बसत नाही, ते बोटानं चंद्र दाखवतं, पाहुणे निघाले की हात हलवतं, आपल्याला दिसलेली मांजर तुम्हालाही दिसली का ते वळून बघतं. डॉक्टर काय बघतात ते थोडक्यात सांगतो. १२ महिन्यांपर्यंत बोट दाखवणं किंवा हातवारे नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा कुठल्याही वयात आलेली भाषा गेली, यातलं एक जरी असलं तरी तपासायचं, वाट बघायची नाही. तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते शब्द गेले हेच. हे नेमकं काय आहे ते मी इथून सांगणार नाही, सांगूही नये. पण डॉक्टरकडे नेताना “बोलत नाही” एवढंच सांगू नका, “येत होते ते शब्द गेले” हे पहिल्या वाक्यात सांगा.

इंटरनेटवर एम-चॅट नावाची, ऑटिझमची शंका घ्यावी का ते बघायची २० प्रश्नांची यादी फिरते. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, तुमचा मुलगा त्यापुढे गेला. ती भरून स्वतःला घाबरवूही नका आणि समजूतही काढू नका. त्यापेक्षा एक दोनशे पानी वही घ्या. कुठल्या महिन्यात बसला, चालला, कुठला शब्द कधी आला, कधी गेला, जन्मताना रडला का, कावीळ झाली होती का, कधी झटका आला होता का. आणि मोबाईलमध्ये एकेक मिनिटाचे चार-पाच व्हिडिओ: हाक मारताना, जेवताना, दुसऱ्या मुलांमध्ये, एकटा खेळताना. डॉक्टरच्या खोलीत तो एक तर किंचाळेल नाहीतर झोपेल. आमच्या डॉक्टरांनी मुलाकडे जेवढं बघितलं त्याहून जास्त बायकोच्या वहीकडे बघितलं.

आता कुठे जायचं. आधी कान. टीव्ही ऐकू येतो म्हणजे कान चांगले, असं नाही, काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत असंही असतं. या वयाच्या मुलाला ‘ऐकू येतं का’ विचारून उपयोग नाही, म्हणून बेरा नावाची तपासणी करतात. त्यात डोक्याला तारा चिकटवून झोपेत कानाच्या नसेची हालचाल मोजतात. मूल गाढ झोपलेलं लागतं. आम्हाला सांगितलं होतं की त्याला कमी झोपू द्या. आम्ही पहाटे चारला उठवून बसवलं, आणि धुळ्याच्या एसटीत पठ्ठ्या दीड तास मस्त झोपला. तिथे पोचलो तेव्हा टक्क जागा. तपासणी झालीच नाही, पंधरा दिवसांनी परत गेलो. तेव्हा तुम्ही गाडीत त्याला झोपू देऊ नका, काहीही करा, केळी खायला द्या, गाणी म्हणा, शेजारी बसलेल्यांची बोलणी खा.

दुसरी वाट तुमच्या अंगणवाडीतून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. विकासातला उशीर तपासणं हे त्यांच्या कामातच येतं, वजन-उंची घेऊन निघून जाणं एवढं ते नाही. सेविकाताईंना पथक येण्याची तारीख विचारा. तारीख लांब असेल तर थांबू नका, तुमच्या ग्रामीण रुग्णालयात त्या पथकाचे डॉक्टर कधी बसतात ते विचारून तिथे जा आणि जिल्ह्याच्या केंद्रासाठी चिठ्ठी घ्या. त्या केंद्राला डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, कान आणि बोलण्याचे तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक एका ठिकाणी असावेत अशी त्याची रचना आहे, आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. निघायच्या आधी फोन करून कोण कोणत्या वारी असतं ते विचाराच, एखादी जागा रिकामी असते आणि आपला दिवस फुकट जातो. अमळनेरहून जळगावला रेल्वे आहे ही तुमची सोय. आम्हाला तापी ओलांडून एसटीनंच जावं लागायचं.

खासगीत जायचं झालं तर बाळाच्या विकासाचे डॉक्टर, मुलांचे मेंदूतज्ज्ञ किंवा मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ. ऑटिझम रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही, तो मुलाकडे बघून, खेळवून, आईबापाला विचारून ठरवतात. डॉक्टरांनी थायरॉइड बघायला सांगितलं किंवा झटक्यांच्या शंकेनं ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढायला सांगितला तर तो दुसऱ्या कारणांचा शोध असतो, तो करून घ्या. स्पीच थेरपिस्ट किंवा मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बघतोच ना आपण.

एक गोष्ट मला जरा लांबवून सांगायची आहे, कारण पुण्या-मुंबईचे लोक ती सांगत नाहीत. आमच्या घरी अहिराणी. पहिल्या तपासणीत मॅडम म्हणाल्या, “इकडे ये, चेंडू दे.” पोरगा ढिम्म. कागदावर लिहिलं गेलं, सूचना समजत नाहीत. बायको मागून हळूच म्हणाली, “आठे ये,” आणि तो दोन पावलं गेला. ते कागदावर आलं नाही. वर आम्हाला सांगण्यात आलं की घरात दोन-दोन भाषा नकोत, नुसती मराठी बोला. आम्ही तीन महिने बोललो. माझी आई त्याच्याशी बोलायचीच बंद झाली, तिला ती मराठी जमेना. त्याच्याशी दिवसात सगळ्यात जास्त बोलणारं माणूस आम्ही गप्प बसवलं. पुढे भेटलेल्या स्पीच थेरपिस्टनं कपाळावर हात मारला. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही, ज्या भाषेत घर हसतं-रागावतं त्याच भाषेत मुलाशी बोला, असं त्या म्हणाल्या. तुमच्याकडे तपासणी होईल तेव्हा आधीच सांगा, “आमच्याकडे अहिराणी बोलतात, सूचना मी देऊ का?” आणि वहीत त्याला कळणारे अहिराणी शब्द लिहून न्या.

त्याच वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी बहीण माहेरी आली, लिंबाला झोका बांधला. पोराला झोका म्हणजे जीव की प्राण. थेरपिस्टनं एक युक्ती शिकवली होती: आवडीची गोष्ट मध्येच थांबवा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा आणि गप्प राहा, मनात दहापर्यंत मोजा. आई झोका धरून ठेवायची, “चाल?” म्हणायची आणि थांबायची. त्यानं बघितलं की सोडायची. पहिले काही दिवस तो नुसता चिडायचा. मग डोळ्यात बघू लागला. आखाजी होऊन गेली, बहीण सासरी गेली, झोका आम्ही तसाच ठेवला. आषाढात एक दिवस म्हणाला, “चाल.” चार वर्षांचा होता. हे तुम्ही आजपासून करू शकता, त्यासाठी कुठलाही कागद लागत नाही. भाकरी पूर्ण देऊ नका, घासभर द्या आणि थांबा. दोन वस्तू दोन हातात धरा, कुठली पाहिजे ते त्याला ठरवू द्या. मोबाईलमुळे ऑटिझम होतो हे खोटं, पण मोबाईल हातात असला की माणसांकडे बघायचा वेळ जातो हे खरं.

नणंदेचं लग्न. तपासणी वेगळी आणि दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं, हे घरात नीट सांगा. तपासणीचा कागद तुमच्या कपाटात राहतो, तो गावात कोणी वाचून दाखवत नाही. उपचार सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही. पण पुढे ते काढाच. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हताच. आम्ही २०१४ ला गेलो तेव्हा मुलाच्या कागदावर ‘मतिमंद’ लिहून मिळालं, आणि ते वाचून मी तो कागद महिनाभर गाडीच्या डिकीत लपवला होता. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, ऑटिझम स्वतःच्या नावानं आला. आता सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, गावातल्या सेवा केंद्रात भरून देतात, आणि ठरलेल्या वारी सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. ऑटिझमसाठी इसा नावाची ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी वापरतात. लहान मुलाला बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र देतात, मुदत संपायच्या आधी परत जा. ४० टक्के किंवा जास्त आलं तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, थेरपीला खेपा मारताना ती कळते. राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेची निरामय योजना आहे, त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत विमा, थेरपीचा खर्चही धरतात. बिलं जपून ठेवा. शाळेचं वय झालं की पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा, अंगणवाडी मात्र आत्तापासून बंद करू नका.

पैशाबद्दल. एका केंद्रानं आमच्याकडून तीन महिन्यांची फी आगाऊ घेतली आणि दर पंधरवड्याला थेरपिस्ट बदलला. नाव घेत नाही. महिन्याच्या वर आगाऊ देऊ नका, आणि थेरपीच्या वेळी आईला खोलीबाहेर बसवत असतील तर कारण विचारा. रोज शहरात जाणं आपल्याला परवडत नाही. महिन्यातून दोन खेपा आणि घरी काय करायचं ते लिहून किंवा व्हिडिओ करून आणायचं, यावर आमची निम्मी वर्षं निघाली. स्टेम सेलचं, म्हणजे मूळपेशी टोचायचं, कोणी लाखांत सांगेल, ऐकू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचनांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांसारखी मोजकी कारणं सोडून ते उपचार म्हणून देताच येत नाहीत. जीभ जड आहे म्हणून जिभेखालची तार कापा, वेखंड उगाळून चाटवा, हेही सांगतील. ज्या पोरानं ‘पानी’ म्हटलं होतं त्याची जीभ जड कशी असेल? नवस बोलायचा असेल तर बोला, आम्हीही सप्तशृंगीला बोललो होतो. फक्त तपासणीच्या तारखेला गडावर जाऊ नका.

आणि गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, असं कोणी म्हणालं ना? म्हणालंच असेल. ग्रहणानं, लसीनं किंवा आईनं लक्ष न दिल्यानं ऑटिझम होत नाही. हे माझ्या बायकोला कोणी सांगायला हवं होतं आणि ते मी सांगायला हवं होतं.

तुमच्या नवऱ्याला हे वाचायला द्या. ते चिडतील. मला बायकोनं असाच एकाचा अनुभव वाचायला दिला होता तेव्हा मी जेवणावरून उठलो होतो. वाचून झाल्यावर त्यांना फक्त एवढंच म्हणा, कान तपासून येऊ, कानाला काय नाव ठेवणार लोक? आमची गाडी तिथूनच रुळावर आली. त्यांना पुरुषामाणसाशी बोलावंसं वाटलं तर इथे मला निरोप टाकू द्या. दुकान रात्री नऊला बंद होतं, त्यानंतर मी मोकळा असतो.