काच आतून पुसताना

भाऊ, गाडीची काच बाहेरून कितीबी धू, रात्री समोरच्या ट्रकचा लाईट पडला की धुरकट दिसते ते आतल्या थरामुळं, आपल्याकडच्या उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापते अन् त्याची वाफ काचेवर जमते. म्हणून तापल्या गाडीत पुसू नको, लिक्विड लगेच वाळून पट्टे पडतात, निंबाखाली लाव, थंड होऊ दे. लिक्विड काचेवर नाही, मायक्रोफायबर फडक्यावर मार अन् लगेच दुसरं कोरडं फडकं फिरव. डॅशबोर्डजवळचा कोपरा मात्र हात उलटा करूनच निघते, खरा मळ तिथंच, अन् तोच सगळे सोडतात. आतून आडवं, बाहेरून उभं पुसजो, मंग पट्टा कोण्या बाजूचा ते कळते. काचेवर उन्हाची फिल्म चिकटवली असन तं अमोनियावालं लिक्विड नको. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवायच्या, तारा असल्या तं तारेच्या दिशेनंच, हलक्या हातानं.