पोटाचा आजार हार्टपर्यंत गेला, आता माझं कसं?

आतड्याला सूज येण्याचा आजार, म्हंजे अल्सरेटिव्ह कोलायटिस नाहीतर क्रोन्स, हा असलेले लोक मला नेहमी विचारतात की ताई छातीत दुखतंय, पोटाचं हार्टला गेलं का, अन् गेलं असेल तर सगळ्या गोळ्या बंद करू का. हो किंवा नाही म्हणून भागत नाही, म्हणून यवतमाळकडच्या एका पेशंटची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात.

तिशीतला माणूस, घरची शेती, कपाशी अन् तूर. शौचातून रक्त जायचं, मूळव्याध समजून बरेच दिवस झाडपाल्याचं औषध चाललं, शेवटी दुर्बिणीनं तपासलं तेव्हा अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला अन् मेसालामीनच्या गोळ्या सुरू झाल्या. पोट जरा सुधरायला लागलं तोच तिसऱ्या आठवड्यात ताप अन् छातीत दुखणं. आडवं झालं की जास्त, मोठा श्वास घेतला की जास्त, पुढं वाकून बसलं की जरा बरं. घरचे म्हणे गॅस हाय, ओवा खा. मग कोणीतरी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून दिली. बायकोनं मात्र कोणाचं ऐकलं नाही, आशाताईला विचारलं अन् १०८ बोलावली.

दवाखान्यात ईसीजी बिघडलेला, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) वाढलेलं, टूडी इकोत हृदयाभोवती थोडं पाणी. अटॅक नव्हता, हृदयाच्या स्नायूला अन् बाहेरच्या आवरणाला सूज आली होती. आपल्याकडे टीबीमुळंही हृदयाभोवती पाणी होतं, तेही तपासलं, नव्हतं. मग डॉक्टरांनी मेसालामीनची गोळी कधी सुरू केली ते विचारलं अन् तीच बंद केली. चार-सहा दिवसांत ताप गेला, दुखणं गेलं.

माझ्याकडे तो आला तो यानंतर, कारण दुखणं गेलं तरी माणूस झोपतच नव्हता. भिंतीला पाठ लावून बसून रात्र काढायचा. बायकोकडे कोरोनातलं बोटाला लावायचं मशीन होतं, ती रात्री तीन-चारदा उठून ते लावायची अन् फवारणीचा हिशेब लिहायच्या वहीत आकडे उतरवायची, एका पानावर औषधाचे डबे अन् मजुरी, समोरच्या पानावर ९७, ९८, ९७. अन् यानं पोटाच्या सगळ्याच गोळ्या सोडल्या होत्या, कोणाला न सांगता. रक्त परत सुरू झालं होतं.

मी आधी समजवत नाही, विचारते. तुम्हाला काय वाटते भाऊ, काय झालं होतं? तर म्हणाला, "ताई, पोटातली घाण हृदयात चढली म्हनते लोकं. आता माहं काही खरं नाही. गोळी खाल्ली तरी मरन, नाही खाल्ली तरी मरन, मंग काहून खाऊ?"

आता या भीतीत अर्धं खरं आहे, म्हणून ती "काही नाही होत" म्हणून उडवून लावता येत नाही. घाण वगैरे काही चढत नाही. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच आतड्यावर उलटलेली असते, अन् ती कधीकधी सांधे, डोळे, कातडी, क्वचित हृदयालाही सूज आणते. दुसरं म्हंजे मेसालामीन काही थोड्या लोकांना सोसत नाही अन् त्यानंही हीच सूज येते, ती बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच, अन् गोळी थांबवली की उतरते. याच्या बाबतीत तारखा तिकडंच बोट दाखवत होत्या. म्हंजे दोष एका गोळीचा, सगळ्या औषधांचा नाही. हे त्याला तारखा कागदावर लिहून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा पाठ सैल सोडून नीट टेकून बसला.

मग मी त्यांना घरातल्या गोळ्यांची पिशवीच आणायला लावली. त्यात सल्फासालाझिनची जुनी स्ट्रिप निघाली, अन् ही तर आतड्यात जाऊन मेसालामीनच तयार करते! डॉक्टरांना दाखवून ती काढून टाकली अन् दोन्ही नावं लाल पेननं फाईलच्या पहिल्याच पानावर लिहिली, दात काढायला गेले तरी दाखवायची. दुखण्याची गोळीही मनानं घ्यायची नाही, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी आतड्याचा आजार उसळू शकतो. (आपल्याकडे कंबर दुखली तरी पहिलं तेच घेतात, हे मी सांगून सांगून थकले.) आता त्याला आतड्याच्या आजारासाठी ॲझाथायोप्रिन ही दुसरी गोळी सुरू आहे, त्यासाठी ठरल्या वेळी रक्त तपासावं लागते, त्याची तारीख बायको सांभाळते. बोटाचं मशीन मी बंद करायला लावलं. हृदयाची सूज त्यात दिसत नाही, नुसती झोप जाते.

सगळ्यात जास्त वाद फवारणीवरून झाला. स्नायूला सूज येऊन गेल्यावर डॉक्टरांनी तीन ते सहा महिने जड काम नको सांगितलं अन् सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन फिरणं हे जडच. बाप म्हणे पोरगं ठणठणीत दिसून राहिलं, बसून कसं राहीन? शेवटी बापालाच डॉक्टरांसमोर बसवलं. मजूर लावला, कुरकुरत का होईना.

जाताना त्यानं विचारलं, "परत दुखलं तं?" गॅस समजून घरी थांबायचं नाही एवढं पक्कं. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर, धडधड, यातलं काही झालं की त्याच दिवशी ईसीजी, अन् जोरात असेल तर सरळ १०८. एका पायाला सूज येऊन दुखत असेल तरी थांबायचं नाही, या आजारात पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका जास्त असते अन् ती फुप्फुसात जाऊ शकते. अन् गोळी सोसत नाही वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं. नंबर बायकोच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला, त्याच्या मोबाईलला रेंज नसते.