ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमागे सॅटेलाइट फोटो टाकून प्रिंट कशी काढायची?

आधी कामाचं. ड्रॉइंगला जिओग्राफिक लोकेशन (जागेचं पृथ्वीवरचं ठिकाण) लावल्यावर मागे जो ऑनलाइन मॅप दिसतो, त्याच्या भरवशावर प्रिंट देऊ नका. जिओमॅपइमेज कमांड द्या आणि हवा तेवढा भाग पकडा. तो चित्र म्हणून ड्रॉइंगमध्येच बसतो आणि प्रिंटला येतो. ड्रॉऑर्डरने मागे ढकला, फेड (फोटोचा फिकेपणा) पन्नाशीच्या आसपास ठेवा, नाहीतर तुमच्या लाइनी झाडीत हरवतात. इमेजफ्रेम ही सेटिंग २ केली की चौकट स्क्रीनवर दिसते, कागदावर येत नाही. मोनोक्रोम सीटीबीने (प्रिंटमध्ये लाइनींचे रंग-जाडी ठरवणाऱ्या फाइलने) फोटो काळा-पांढरा होईल ही आशा सोडा, सीटीबी फोटोला हात लावत नाही.

पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे लिहिलंय, ‘म्हणजे बाउंड्रीही त्याच्यावरच ट्रेस करता येईल’, ते वाचून राहवलं नाही.

मी पुण्यात एका ऑफिसात ड्राफ्टिंगला होतो. पिरंगुटकडची जागा, सातबाऱ्यावर ४० गुंठे. मोजणीची फी आणि वेळ वाचवायचा म्हणून साहेबांनी एका पोराकडून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून फोटो काढून घेतला, तो स्केलसकट ऑटोकॅडमध्ये आला, आणि साहेबांनी स्वतः बांधावरून पॉलिलाइन (सलग जोडलेली रेघ) फिरवली. एरिया आला ४४.५ गुंठे! पार्टीला लगेच फोन, ‘तुमची जागा जास्त भरतेय’. पार्टी खूश, साहेब त्याहून खूश.

मला ते पटेना. शेजारी एक गोडाऊन होतं. हेल्परला घेऊन गेलो, पत्र्याच्या कडेने टेप लावली. लांबी ३० मीटर. फोटोवर तीच भिंत ३१.६.

कारण साधं आहे. तो फोटो वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशे गोल पृथ्वी सपाट करायला जी पद्धत वापरतात तिच्यात, निघाला होता. त्यात विषुववृत्तापासून जसजसं वर जावं तसतसं अंतर फुगतं. पुण्याच्या अक्षांशावर साधारण साडेपाच टक्के, म्हणजे क्षेत्रफळात अकरा टक्क्यांच्या वर. वरचे साडेचार गुंठे तिथून उगवले होते. प्रोजेक्ट यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मांडायची पद्धत) झोन ४३ उत्तरमध्ये घेऊन फोटो काढला असता तर हा तमाशा झालाच नसता. ऑटोकॅडमध्ये लोकेशन लावतानाही हाच झोन निवडा. (नागपूरकडचे असाल तर ४४.)

यूटीएम लावलं म्हणजे फोटोची मोजणी झाली, असंही समजू नका. डोंगरउतारावर फोटो सरकलेला असतो, उंच इमारतीचा माथा एकीकडे आणि प्लिंथ (जोतं) दुसरीकडे दिसते. ३० सेंटिमीटरचा पिक्सेल १:५०० च्या शीटवर ०.६ मिलिमीटरचा ठोकळा होतो, तुमची हद्दीची लाइन त्याहून बारीक असते. लोकेशन प्लॅनला, क्लायंटला दाखवायला फोटो झकास. हद्दीला मोजणीचा नकाशाच. आणि हो, ऑनलाइन मॅपला साइन-इन लागतं, फोटो बाहेर छापायचा असेल तर वापराच्या अटी बघून घ्या.

साहेबांना गोडाऊनचं माप दाखवलं तेव्हा अख्ख्या ऑफिससमोर म्हणाले, ‘टेप ढिली धरली असशील.’ तेव्हा गप्प बसलो, नोकरी होती. पण साहेब, टेप ढिली धरली तर माप जास्त भरतं, कमी नाही. म्हणजे तुमचंच खरं धरलं तर गोडाऊन ३० मीटरहूनही लहान निघतं आणि तुमचा फोटो आणखी चुकतो.